पाचवा पाठ

"...मग बंद का ठेवलेत हे, भन्ते?"

भन्ते शीलबोधींनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात सामान्य ज्ञानाचं एक फाटकं पुस्तक होतं आणि शेजारी ॲल्युमिनियमच्या वाटीत मैद्याची खळ. निखळलेल्या पानांना ते बोटानं खळ लावत होते.

"बिघडलेत का?"

"नाही."

"वीज नसते?"

"असते."

सुगत पाईकराव सकाळच्या एसटीनं आला होता. टेकडी चढून तो थेट विहारामागच्या अभ्यासिकेत शिरला. दाराला कुलूप नव्हतं. आत सात संगणक होते, सातांवरही जुन्या साडीचे तुकडे टाकलेले. खुर्च्या एकीत एक घालून भिंतीला लावलेल्या.

हे सात संगणक चौदा महिन्यांपूर्वी त्यानंच उठवले होते. एका बँकेनं ते टाकून दिले होते. तालुक्याचा दुकानदार म्हणाला होता, भंगारवाल्याला द्या, नवं काही यांना पेलणार नाही. सुगतनं खिशातून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढला होता. त्यात यंत्र चालवणारं हलकं सॉफ्टवेअर, लिनक्स, होतं. थकलेल्या यंत्रावरही पळणारं, फुकट, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. दोन दिवसांत सातही यंत्रं धावायला लागली. जाताना त्यानं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ज्ञानाला मालक नसतो.

फळ्यावर ते अजून होतं. पुसायचं तर फळ्यापाशी कुणी यायला हवं.

या विहारापासून त्यानं सुरुवात केली, पुढे अशा अकरा अभ्यासिका झाल्या. आता चाळीस करायच्या होत्या. पुण्याची एक संस्था मदतीला तयार होती. तिनं एकच मागितलं होतं, पहिल्या ठिकाणचं पत्र. सुगतनं ते टाइप करूनच आणलं होतं. खाली भन्तेंची सही तेवढी राहिली होती. दुपारच्या गाडीनं त्याला परतायचं होतं.

"भन्ते, पत्राचं..."

"एक सुरू कर."

सुगतनं साडीचा तुकडा बाजूला केला, बटण दाबलं. मिनिटभरात पडदा उजळला. विद्यार्थ्यांचं खातं आपोआप उघडलं, जसं त्यानं ठेवलं होतं तसंच.

त्याचा जीव भांड्यात पडला. "चालतंय की."

"चालत नाही असं कोण म्हणालं?"

भन्ते उठले. खळीचं बोट पंचाला पुसून त्यांनी फडताळातून एक पेनड्राइव्ह काढला. लाल रंगाचा, भोकात काळा दोरा ओवलेला. गळ्यात घालत असावं कुणी.

"हा लाव."

सुगतनं लावला. पडद्यावर एक चौकट आली. त्यात त्याचं नाव होतं. नावाखाली पासवर्डची रिकामी जागा.

तो हसला. ते त्यानंच केलं होतं. दुसऱ्या फेरीला आला तेव्हा त्याला यंत्रांत सिनेमे सापडले होते, लग्नाची गाणी सापडली होती. पोरं पेनड्राइव्हमधून आणायची. सुगतला राग आला. एवढ्यासाठी का आपण राबलो? म्हणून त्यानं नियम घातला, बाहेरून काहीही लावलं की यंत्र सुगतचा पासवर्ड विचारेल. तो आणखी कुणालाही सांगायचा नाही. अभ्यासिका सांभाळणाऱ्या विशाखा खिल्लारेला मात्र मिळणार होता. त्यासाठी त्यानं सहा पाठ तयार केले होते, एक झाला की पुढचा मिळायचा. पाचवा पाठ झाला की पासवर्ड. तिसऱ्यापर्यंत ती आली होती.

"यात गैर काही नाही, भन्ते. मोठ्या मोठ्या कचेऱ्यांत असंच असतं. ज्याला कळत नाही त्याच्या हातात..."

"पेनड्राइव्ह तिचा आहे," भन्ते म्हणाले.



भन्तेंनी मग सांगितलं. आवाज न चढवता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

नियम आला तशी पोरं यायची थांबली, एकटी विशाखा येत राहिली. त्यातच वनरक्षकाची भरती निघाली, सहा वर्षांनी. विशाखा दोन वर्षं रोज पहाटे या टेकडीला पळत पाच फेऱ्या घालायची. मूळ कागद कॉलेजात जमा होते, साठ किलोमीटरवर. पण सुगतच म्हणाला होता, फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवाल्यांच्या दारात कशाला जाता, सगळे कागद स्कॅन करून इथंच ठेवा, इथूनच फॉर्म भरा. कागद कॉलेजात देण्याआधी तिनं तसंच केलं. आदल्या रात्री वीज पडून नेटचा डबा जळाला. शेवटचा दिवस, सहा वाजेपर्यंत मुदत. ती म्हणाली, काही हरकत नाही, कागद पेनड्राइव्हमध्ये घेते आणि तालुक्याला जाऊन भरते. तिनं पेनड्राइव्ह लावला.

"मग?" सुगतनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मग तुझं नाव आलं."

...

"सकाळी दहापासून मी फोन लावला तुला. सतरा वेळा."

सुगतला तो दिवस आठवला. तो पुण्यात व्यासपीठावर होता. ज्ञानाच्या मक्तेदारीवर बोलत होता, टाळ्या पडत होत्या. फोन बॅगेत होता, आवाज बंद. रात्री त्यानं सतरा हुकलेले फोन पाहिले आणि संदेश धाडला, उद्या बोलू.

"दुसऱ्या दिवशी मी केला होता फोन. तुम्हीच म्हणालात, आता काही काम नाही."

"नव्हतंच."

"मला वाटलं, अडचण सुटली."

"सुटली होती."

अंगणात चपला वाजल्या. साडेअकरा होत आले होते. बारानंतर भन्ते जेवत नाहीत, त्याआधी गावातून कुणीतरी डबा घेऊन येतं. आज विशाखा आली होती. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. खाली हळदीचा कारखाना आहे, तिथं पॉलिशच्या मशीनवर ती लागली होती.

तिनं भन्तेंना वंदन केलं, डबा ठेवला. मग तिला सुगत दिसला.

"अरे, भाऊ. कधी आलात?"

"आत्ताच. विशाखाताई, मला..."

"पेपरात फोटो बघितला तुमचा. चांगला आला होता." ती हसली. "त्याच्यातच भाकरी बांधली होती. राग नका मानू."

सुगतनं तिला आत बोलावलं. ती आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, हात अंगापासून दूर धरून, कशाला डाग लागू नये म्हणून.

तो म्हणाला, मला खरंच माहीत नव्हतं. तो म्हणाला, पुढच्या भरतीला मी स्वतः येईन, इथं बसून भरू आपण.

"पुढची निघेल तोवर वय निघून गेलेलं असेल, भाऊ." तिनं ते फार सहज सांगितलं. मग तिला काही आठवल्यासारखं झालं. "एक विचारू? चौथा पाठ कशाचा होता हो?"

सुगतची नजर खाली गेली.

"परवानग्यांचा," तो म्हणाला. "कुणाला काय उघडता येईल, ते ठरवायचं कसं."

"हां." तिनं मान डोलावली. "तिथवर आलेच नाही मी."

कारखान्यात अर्ध्या तासाची सुट्टी असते. ती निघाली. उतारावर तिनं पावलं उचलली आणि सुगतला दिसलं की ती अजूनही पळू शकते.

भन्ते जेवायला बसले. सुगत उभाच होता. मग त्यानं बॅग उघडून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला.

"सगळं नव्यानं घालतो, भन्ते. आत्ताच. पुन्हा असं होणार नाही."

भन्ते भाकरी कुस्करत होते.

सुगतनं यंत्र बंद केलं, पेनड्राइव्ह खोचला आणि सुरू होताना एक कळ दाबून धरली. यंत्राला सांगितलं, स्वतःच्या पोटातलं उघडू नकोस, या पेनड्राइव्हमधलं उघड. पडदा निळा झाला. पेनड्राइव्हवरचं लिनक्स नुसतं वर येऊन बसलं, आतल्या कशालाही हात न लावता. हे काम त्याला झोपेतही करता आलं असतं. काम हाताशी आलं तसा त्याचा श्वासही जागेवर आला.

जुनं पुसण्याआधी विशाखाचे कागद वाचवायला हवे होते. त्यानं आतली डिस्क उघडली. तिच्या नावाचा फोल्डर होता. फोटो, जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका. पांढऱ्या कागदावर निळ्या शाईत केलेली सही. सही मुदतीच्या आठ दिवस आधी स्कॅन केलेली होती. त्यानं सगळं उचलून लाल पेनड्राइव्हमध्ये घातलं. दोन सेकंद लागले.

हात धुऊन भन्ते मागे येऊन उभे होते.

"तिचे कागद?"

"हो."

"पासवर्ड टाकलास?"

"नाही. असं पेनड्राइव्हवरून सुरू केलं की आतलं सगळं उघडतं. पासवर्ड लागत नाही."

"लागतच नाही?"

"नाही."

"कुणालाही जमेल?"

"ज्याला माहीत आहे त्याला."

भन्ते पडद्याकडे पाहत राहिले. निळी सही अजून उघडीच होती.

"हे तिला सांगितलं होतंस?"

सुगतला उत्तर ठाऊक होतं. रात्र जागून त्यानंच ते लिहिलं होतं.

"पाचव्या पाठात होतं," तो म्हणाला.

...

नंतर तो काम करत राहिला. भाषा निवडली. कळफलक निवडला. संपूर्ण डिस्क पुसायची का, असं यंत्रानं विचारलं. हो म्हणाला. मग एक पान आलं. त्यावर प्रश्न होता, तुमचं नाव काय?

त्याची बोटं चालली. भन्ते मागून वाचत होते, म्हणून तो थबकला. त्यानं स्वतःचंच नाव लिहिलं होतं.

त्यानं ते एकेक अक्षर खोडलं. त्या जागी अभ्यासिका असं लिहिलं. पासवर्डच्या जागी नवा पासवर्ड टाकला, अवघडसा, अक्षरं आणि आकडे मिसळून. पडद्यावर फक्त ठिपके उमटले.

वीस मिनिटांत पहिलं यंत्र नवं झालं. दीड तासात सातही झाले. हा वेग तो भाषणात नेहमी सांगायचा.

"आता हा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, भन्ते." तो जवळ सरकला. अंगणात कुणी नव्हतं. खोलीत कुणी नव्हतं. तरी त्यानं आवाज खाली आणला आणि भन्तेंच्या कानाशी वाकला.

भन्तेंनी कान मागे घेतला.

"लिहून दे."

सुगतनं कागद शोधला. बॅगेत पेनड्राइव्ह होते, तारा होत्या, कोरा कागद नव्हता. फाइलमध्ये एक कागद होता, टाइप केलेलं पत्र. भन्तेंनी ते हातातून घेतलं, उलटं केलं आणि कोरी बाजू त्याच्यापुढे धरली.

"भन्ते, ते पत्र... त्यावर तुमची सही हवी होती."

"लिही."

त्यानं लिहिलं. दाराकडे पाठ करून, बारीक अक्षरात. मग कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो भन्तेंच्या तळहातावर ठेवला.

"फक्त तुमच्याजवळ."

भन्ते खाली बसले. त्यांनी घड्या उलगडल्या, कागद मांडीवर पसरला, टाइप केलेली बाजू वर. ते चष्मा न लावता हळूहळू वाचायला लागले. मोठ्यानं.

"आमच्या विहारातील सर्व संगणक सुस्थितीत असून, विद्यार्थी त्यांचा मुक्तपणे वापर करीत आहेत."

ते थांबले. वाटी जवळ ओढली. खळ वाळत आली होती, तिच्यावर त्यांनी पाण्याचे चार थेंब टाकले, बोटानं कालवली. मग पत्राच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खळ लावली. पुस्तकाच्या पानांना लावत होते तशीच, कोपरे न सोडता.

सुगत बघत होता. त्याला कळेना, किंवा कळून उशीर झाला होता.

भन्ते उठले. अभ्यासिकेच्या दाराशी गेले. कागद बाहेरच्या बाजूनं दाराला चिकटवला, पत्र लाकडाकडे आणि पासवर्ड जगाकडे. तळहातानं दाबून दाबून हवा काढली. अक्षर बारीक होतं, पण दुपारचं ऊन नेमकं त्यावर पडलं होतं. पायरीवरूनसुद्धा वाचता येत होतं.

पत्र गेलं होतं. चाळीस अभ्यासिका गेल्या होत्या. सुगतच्या तोंडून मात्र निघालं ते दुसरंच.

"भन्ते, तिथं नको. कुणीही आत शिरेल."

भन्तेंनी भिंतीला लावलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. मग खाली, कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेकडे.

"कित्येक महिने," ते म्हणाले, "त्याचीच वाट बघतोय, बाबा."