महालाचं वय

“एक शब्द तरी बोलाल का नाही, तात्या? बरं आहे का वाईट?”

जयरामनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

दुपारच्या रिकाम्या नाट्यगृहात, पहिल्या रांगेतल्या खुर्चीत, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये काठी धरून तात्या रंगमंचाकडं बघत बसले होते.

तात्या जिनगर म्हणजे एके काळी सांगली-मिरजेकडच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा माणूस. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, दरबाराचा पडदा, सगळे त्यांच्या हातचे. जयराम त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं होता. मग एक दिवस म्हणाला, “तात्या, पडद्यावरचा महाल वारा आला की हलतो. मला न हलणारा महाल करायचाय.” आणि पुण्याला गेला. तिथं त्यानं नाव काढलं. ऐतिहासिक नाटक म्हटलं की नेपथ्य जयरामचंच, असं होऊन बसलं.

पण तात्यांच्या तोंडून शाबास ऐकायचं तेवढं राहिलं होतं. वीस वर्षं राहिलं होतं. म्हणून उद्याच्या पहिल्या प्रयोगाआधी मोटार पाठवून त्यानं त्यांना आणवलं.

समोर नाटकातल्या सरदारांचा महाल उभा होता. खांब काळवंडलेले. कमानीला चीर गेलेली. चौथऱ्यावर शेवाळ चढलेलं. दाराची पायरी मधोमध झिजून खोल झालेली.

“सोळा किल्ले हिंडलो ह्याच्यासाठी,” जयराम म्हणाला. “ती चीर बघा, मापं घेऊन आणलीय. शेवाळाला भुसा आणि सरस, वरनं तीन हिरवे हात. खांबांना चहाचं पाणी आणि काजळी. जवळ गेलं तर ओल आल्यासारखं वाटतं.”

“वाटतंय की,” तात्या म्हणाले. “हितनंच वाटतंय.”

जयरामला बरं वाटलं.

“नाटक कशाचं म्हणलास?”

“सरदार लढाईवर जातो. परत येत नाही. तिसऱ्या अंकात बातमी येते. खरं म्हणजे त्याच्या बायकोचंच नाटक आहे.”

“तिचं काम कोण करतंय?”

जयरामनं हात झटकला.

“होती एक शालन म्हणून. जत्रेतल्या नाटकांतनं कामं केलेली. गळा चांगला, पाठांतर चोख. पण पहिल्या अंकात हसत हसत दारातनं आत यायचं, ते काही जमेना. तालमीच्या खोलीत हसायची हो! इथं महाल उभा राहिला आणि बाईचं तोंड उतरलं. चार दिवस बघितलं. आज सकाळी काढली तिला. दुसरी येतेय रात्री, तिचं काम पाठ आहे.”

“काढली कुणी?”

“दिग्दर्शक घुटमळत होते. मीच म्हणालो, महालात काही खोट नाही, खोट बाईत आहे.”

“ती काय म्हणली?”

“काय म्हणायची? म्हणाली, दादा, ह्या दारातनं आत पाऊल टाकलं की मला वाटतं, धनी गेलेच आहेत...” जयराम हसला. “पहिल्या अंकात तिसऱ्या अंकाचं रडणं! मी म्हटलं, शालनबाई, मी दगडांचा केला तेवढा अभ्यास तुम्ही हसण्याचा करा. सगळे हसले. ती तेवढी हसली नाही. पिशवी घेतली आणि गेली.”



तात्या काठी टेकत उठले. जयराम धरायला धावला, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. एकेक पायरी चढत ते रंगमंचावर गेले, महालाच्या दारापाशी थांबले, आणि झिजल्या पायरीवर हळूच बसले. तिच्या खोलगट जागेवरनं हात फिरवला.

“ही अशी व्हायला किती वर्सं लागतील रं?”

“दोनशे तरी. हुबेहूब आहे की नाही?”

“हाय. हुबेहूब हाय.” तात्यांनी वर कमानीकडं बघितलं. “आन् सरदारांनी महाल बांधला कवा?”



आख्खं नाटक जयरामला पाठ होतं. पडदा उघडल्यावरचं पहिलंच वाक्य सरदाराचं होतं. ‘तुमच्यासाठी बांधला. चुना अजून ओला आहे, भिंतीला टेकू नका.’

“परवाच्या दसऱ्याला...” तो म्हणाला.

तात्यांनी भिंतीच्या बाजूला लोळणारा धोतराचा सोगा उचलला. ओल्या चुन्यापासून सांभाळावा तसा आवरून मांडीवर घेतला.

जयराम तिथंच, चौथऱ्याच्या कडेला टेकला.

त्याच्या डोळ्यांपुढनं मागचे सगळे महाल गेले. राणीचा दिवाणखाना, किल्लेदाराची सदर, पेढीवाल्याची माडी. सगळ्यांना चिरा. सगळ्यांना शेवाळ. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. आणि एकाही घरात त्यानं कुणाला राहू दिलं नव्हतं. माणसं आत यायच्या आधीच तो त्यांना मारून ठेवत होता. सोळा किल्ले हिंडला, पण सगळीकडं माणसं गेल्यावर पोचला होता.



जयराम झटक्यानं उठला. हत्यारांच्या पेटीतली पत्र्याची खुरपी काढली.

“उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे, तात्या. शेवाळ खरवडून काढतो. चीर बुजवतो. पायरीला नवी फळी, खांबांना तेल, भिंतीला पांढरा हात. तिसऱ्या घंटेच्या आत महाल नवा करतो. होईल ना?”

“हुईल की,” तात्या म्हणाले. “न व्हायला काय झालं? हात चांगला हाय तुझा. माझ्यापरास चांगला.”

हेच ऐकायला त्यानं मोटार पाठवली होती. आता ऐकलं, तर मान वर करवेना.

तो खाली वाकून खरवडायला लागला. हिरव्या भुशाचे पोपडे पायाशी पडत गेले. खालचं कोरं लाकूड उघडं पडलं.

तात्या त्याच्या हाताकडं बघत होते.

“जयराम...”

खुरपी थांबली.

“ती शालन कुठल्या गावची रं?”