भिंत धरून चालणारी पेशी

पूर्वी कोणा एकाच्या रक्तात एक पांढरी पेशी राहत होती. ती रक्तवाहिनीची भिंत चाचपत हळू चाले. तांबड्या पेशी हिणवत, "अगं, ओघाबरोबर चल ना! वाट अडवतेस."

एकदा कालवे बांधणाऱ्या इंजिनियर सुनेत्राबाईंनी रक्ताचा ओघ कसा वाहतो ते पाहायला केसाहून बारीक काचनळ्यांचं जाळं रचलं, एका कोपऱ्यातल्या अरुंद फटीत जंतू ठेवले आणि त्या रक्ताचा थेंब आत सोडला. आज आपणही धावायचं, असं ठरवून पेशीने भिंत सोडली. इतक्यात जंतूंचा वास आला. तांबड्या भरधाव पुढे गेल्या. तिने मात्र चटकन भिंत धरली, अंग चोरून ती फटीत शिरली आणि तिने जंतू गिळून टाकले.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या सुनेत्राबाई उद्गारल्या, "ही रेंगाळते कुठे? शोधत चाललीय!"

आपल्या चालीला असंही नाव असतं, हे पेशीला त्या दिवशी कळलं.