झिपरू काम मागायला जातो

भोंऽऽ असा कापसाच्या जिनिंगचा भोंगा झिपरूनं लहानपणी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यानं आईला विचारलं, "कोण बोंबलतंय गं?"

"कामाला बोलावतात रे," आई म्हणाली.

ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. तापीकाठच्या त्या गावात त्याच्याएवढा भोळा माणूस दुसरा नव्हता.

झिपरू मोठा झाला. इंदूशी लग्न झालं. अंगानं रेड्यासारखा, पण हाताला काम नाही. शेवटी सासरा उखाजी येऊन बजावून गेला, "जावईबुवा, आखाजीच्या सणाला पोरीला माहेरी न्यायला येईन. तोवर नोकरी लागली तर परत पाठवीन. नाही तर राहील माझ्याकडेच."

आत चुलीपाशी इंदूनं पदर तोंडाला लावला. तिचा झिपरूवर जीव होता. का होता, ते गावाला कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तसा झिपरू जिनिंगच्या फाटकात हजर.

"काय रे?" वॉचमननं विचारलं.

"बोलावलंत ना? आलो."

"कोणी बोलावलं?"

झिपरूनं भोंग्याकडं बोट केलं.

वॉचमन पोट धरून हसला. "अरे बाबा, नोकरी मागायला जाताना चिठ्ठी न्यावी लागते. मोठ्या माणसाची."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

गावात मोठा माणूस म्हणजे डॉक्टर. त्यांची एक चिठ्ठी घरात होतीच. ती घेऊन झिपरू तेलगिरणीत गेला. मालकानं चष्मा लावून वाचली. 'जुलाब. जड उचलू नये. तीन दिवस विश्रांती.'

"नोकरी मागायला आलास की सुट्टी?" मालक ओरडला. "कागद काय नाचवतोस! तोंड बंद ठेवावं आणि काम करून दाखवावं. मग ठेवतो मालक."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

नोकरी कुणीच देत नव्हतं. शिकवण मात्र सगळे फुकट देत होते.

पतपेढीत शिपाई हवा होता. झिपरू तिथं गेला. एक शब्द बोलला नाही. सरळ आत शिरला, साहेबांचं लोखंडी कपाट पाठीवर घेतलं आणि निघाला.

"चोर! चोर!"

लोकांनी त्याला चौकात धरला. कपाटाखालून आवाज आला, "काम करून दाखवतोय."

साहेब धापा टाकत आले. "गाढवा, आधी बोलायचं तरी! मालकाला एकट्याला गाठावं, गोडीनं विचारावं."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

डाळमिलच्या भास्करशेठभोवती सदा माणसं. ते एकटे कुठं सापडतात, याचा झिपरूनं दोन दिवस तपास केला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेठनं डोक्याला साबण चोळला, तोच न्हाणीघराचं दार उघडलं.

"शेठ, एकटेच ना?" झिपरूनं अगदी गोडीनं विचारलं. "काम मिळेल का?"

शेठनं तांब्या फेकून मारला. "घरी येऊन नोकरीचं बोलतात का? असल्या माणसाला उंबऱ्यावरूनच परत पाठवावं! ऑफिसात या म्हणावं, दहाला!"

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

दहाला तो ऑफिसात गेला. फाटकावर दोन माणसं त्याच्यासाठीच काठ्या घेऊन उभी होती.

आखाजी आली. उखाजी सकाळीच येऊन खाटेवर बसला. इंदूनं बोचकं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. तेवढ्यात दारात कोण? खुद्द भास्करशेठ! मिलचे हमाल सणाला आपापल्या गावी गेलेले, आणि तुरीचे तीन ट्रक उतरवायचे राहिलेले.

शेठ आत आले. "झिपरू, झालं गेलं विसर. आजपासून कामाला ये. कायमची नोकरी देतो."

उखाजी ताडकन उठला. "ऐकलंस का पोरी? सोड ते बोचकं!"

इंदू हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

झिपरूनं शेठना खालीवर न्याहाळलं. मग कपाळाला आठी घातली.

"घरी येऊन नोकरीचं बोलतात का? ऑफिसात या. दहाला."

"कुठल्या ऑफिसात?"

ते झिपरूलाही ठाऊक नव्हतं. पण शिकवण पक्की होती. त्यानं शेठना दंडाला धरून उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं आणि दाराला कडी घातली.

"बघा मामा," तो सासऱ्याला म्हणाला, "यावेळी एकही चूक केली नाही."

इंदूनं बोचकं उचललं. कडी काढली. आणि बापाच्या पुढं माहेरच्या वाटेनं चालू लागली.