राहिलेली ओ

“मग जाळू का याला, बाबा?”

जयरामने काखेतलं गाठोडं चुलीसमोर टाकलं. आत वेताळाचा मुखवटा होता, पांगाऱ्याच्या लाकडाचा. तो कोणी कोरला हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. बोहाड्याच्या, म्हणजे देवाभुतांची सोंगं नाचवायच्या जत्रेत रावजीबाबाच तो तोंडावर बांधून नाचायचे. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून त्यांनी तो चेल्याच्या, जयरामच्या हाती दिला.

चेला नाचला मात्र झकास. गावाने डोक्यावर घेतलं, आणि गडी हवेत गेला.

बाबांनी चुलीत काटकी सारली.

“सोनी जवळ येत नाही माझ्या.” जयराम म्हणाला. “माझी पोर, बाबा! माझ्या ताटात जेवणारी. आता मला बघितलं की माझ्या आईच्या पदरात तोंड खुपसते. म्हणते, हा माझा बा नाही... दारात पाय ठेवला की घरचंच कुत्रं अंगावर येतं.”

“कधीपासून?”

“जत्रेपासून. यानंच केलं सगळं.”

त्याने गाठोड्याकडे बोट दाखवलं.

“सोंग उतरवल्यावर तोंड धुतलंस?”

“धुतलं.”

“आणि ओ?”

रीत जयरामला चांगली ठाऊक होती. मुखवटा उतरला की घरच्या माणसाने नावाने हाक मारायची, नाचणाऱ्याने ओ द्यायची आणि मगच घरची वाट धरायची. त्या पहाटे सोनीला कडेवर घेऊन म्हातारी आई मांडवाबाहेर हाका मारून दमली. हा दोस्तांच्या घोळक्यात वाहवा ऐकत उभा. वेताळ पचवलेल्या गड्याने आईच्या हाकेला काय ओ देत बसायचं?

“एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं...”

“हं.”

“बाबा, मला माझी पोर परत पाहिजे. जाळतोच मी याला!”

त्याने गाठोडं उचलून जाळापाशी नेलं. फडक्याचं टोक करपलं.

जयरामचा गाल चरचरला.

त्याने दचकून गालाला हात लावला. कातडी गरम लागत होती.

“थांब,” बाबा म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि जत्रेत मारतात तशी लांब हाक मारली, “जयराम रे!”

जयरामने तोंड उघडलं. जीभ हलली... आवाज निघेना.

“ओ...”

आवाज त्याचाच होता. तो गाठोड्यातून आला.

जयरामच्या हातून ते सुटलं. बाबांनी गाठोडं हळूच ओढून मांडीवर घेतलं. करपलेलं टोक तळहाताने विझवलं. तान्ह्या पोराला थोपटावं तसं ते त्याला थोपटत राहिले.

मग त्यांनी समोर पाहिलं.

“जयराम तर इथं आहे... तू कोण?”