आईच्या तेराव्याला जेवलेले साहेब

फलटणचे करसल्लागार ठोसरसाहेब यांची चूक कधी नसायचीच, असायची ती गिऱ्हाइकाची. शाळेतल्या उर्मिलाबाई भोईटे त्यांच्यावर भिस्त ठेवून दरवर्षी विवरणपत्रावर न वाचताच सही करायच्या.

यंदा आयकराची नोटीस आली. विवरणपत्रात आईच्या औषधोपचारांची सूट घेतली होती, आणि आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

बाई नोटीस घेऊन गेल्या. साहेब चहा ढवळत म्हणाले, "मागच्या वर्षीचंच पुढे चालवलं. आई गेल्याचं तुम्ही कळवायला नको का? सही तुमची, दंडही तुमचाच. आणि हो, माझी यंदाची फी राहिलीय."

बाई शांतपणे म्हणाल्या, "दंड मी भरते, सही माझी आहे. फी मात्र आईकडून घ्या. तिच्या तेराव्याला जेवून गेलात, तरी तुमच्या हिशेबी ती अजून आहेच."

साहेबांचा चमचा थांबला. फीचं नाव पुन्हा निघालं नाही.

जिना उतरताना बाईंना जिंकल्यासारखं काही वाटेना. दोन्ही वर्षी त्या कागदावर आई होती, आणि खाली सही करताना लेकीनं एकदाही वर पाहिलं नव्हतं.