शंखाचं घर पाहायला गेलेले खेकडे

माणसाला चौकोनी घरांचा नुकताच कंटाळा आला होता, तेव्हाची ही गोष्ट. रिकामे शंख शोधून त्यांत राहणारे तीन खेकडे सुट्टीत शहर पाहायला निघाले. पुढे थोराड दर्याजी, मागे शेवंती आणि शेवटी धाकटी चिंगी. चिंगीला तिचा शंख इतका घट्ट होत होता की चालताना तिला धाप लागायची.

शहर दाखवायला साळुंकी होती. तिनं मधाच्या पोळ्यासारखं वाचनालय दाखवलं, कमळाच्या पाकळ्यांसारखं छप्पर दाखवलं आणि शेवटी टेकडीवर नेऊन म्हणाली, "आता हे बघा!"

समोर शंखाच्या आकाराचं भलंमोठं घर होतं. तिघे लगेच ओळीत उभे राहिले, मोठा पुढे, लहान मागे.

"हे काय चाललंय?" साळुंकीनं विचारलं.

"आमची रीतच आहे, साळुंकीताई," दर्याजी म्हणाला. "मोठा नव्या शंखात गेला की त्याचा शंख मधल्याला, मधल्याचा धाकट्याला. इथल्या मालकाचं जुनं घर कुणाला मिळालं?"

"कुणाला नाही. त्याला कुलूप आहे. त्याच्या आधीच्या घरालाही."

"मग तिथं राहतं कोण?"

"कुणीच नाही."

दर्याजीनं घराकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "आकार अगदी हुबेहूब जमलाय हो," तो म्हणाला. "चला रे, परत जाऊ."

किनाऱ्यावर पोचताच त्याला एक मोठा शंख सापडला. आत शिरता शिरताच त्यानं हाक मारली, "शेवंते, माझा घे लवकर! चिंगी खोळंबलीय."