सगळ्यांची गाडी

मुलांनो, एका जंगलाच्या पार टोकाला, सागाच्या झाडावर एक खार पिल्लासह राहत असे. एके सकाळी ती नेहमीसारखी फांदीवर उन्हात बिया पसरत होती. जोडीदाराने पिल्लासाठी कोरायला घेतलेली ढोली तो गेल्यावर अर्धीच राहिली होती. या बिया देऊन सुतारपक्ष्याकडून ती पुरी करून घ्यायची, असे खारीने ठरवले होते. एवढ्यात कावळा दवंडी देत आला, "ऐका हो ऐका! रानगाडी तोट्यात आहे. उद्यापासून दर घरामागे दुप्पट दाणे! उद्या सकाळी पाणवठ्यावर सभा. जो येणार नाही, त्याचा होकार धरला जाईल!"

लाकडी रुळांवरची ही गाडी पूर्वी लांडग्याची होती. सिंहाने ती घेऊन साऱ्या जंगलाची केली, आणि तेव्हापासून तिच्यासाठी प्रत्येक घर मूठभर दाणे देत असे. खार तडक गाडीच्या ठाण्यावर गेली. कारभारी कोल्हा आपल्या मेहुण्यांसह गाडीतल्या मऊ गवतावर लोळत होता.

"कारभारीदादा, आमच्या सागापाशी गाडी का थांबत नाही?"

"तिथं कोणी चढत नाही, बाई."

"थांबतच नाही, तर चढणार कुठून?"

"अन् कोणी चढत नाही, तर थांबवू कशाला?" मेहुणे खो खो हसले.

"मग दाणे कशाचे नेता?"

"गाडी सगळ्यांची, म्हणून तोटाही सगळ्यांचा!"

"म्हातारी ससीण या गाडीनं वैद्याकडे जाते. तिच्यासाठी मी कधी कुरकुरले नाही," खार म्हणाली. "पण तुमच्या मेहुण्यांना लोळायला मिळावं म्हणून मी पिल्लाच्या तोंडचं का द्यावं?"

"सभेत बोल हो ते," कोल्ह्याने जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी सभेला जायला खार रुळाशेजारी उभी राहून शेपटी हलवू लागली. गाडी आली. निम्मी रिकामी होती, तरी घंटा वाजवत तशीच पुढे गेली. खार जीव खाऊन धावली. पाणवठ्यावर पोचली, तर सभा उठली होती. "टोकाकडचे सगळे राजी आहेत," असे कोल्ह्याने सिंहाला सांगूनही टाकले होते.

"मी राजी नाही!" खार ओरडली.

"मग वेळेवर यायचं होतंस," कोल्हा म्हणाला. "गाडीनं यायचं!"

संध्याकाळी कावळ्याने दुप्पट दाण्यांपोटी सगळ्या बिया नेल्या. सुतारपक्षी आला, रिकाम्या फांदीकडे पाहून परत गेला. ढोली अर्धीच राहिली.

तात्पर्य : जे सगळ्यांच्या दाण्यांवर चालते, त्याचा जाब सगळ्यांना विचारता आला पाहिजे, नाहीतर ते फक्त तोट्यापुरतेच सगळ्यांचे असते.